अवस्थांतराचा प्रयोगसंच : तापमापक उत्तम, पुस्तिका कच्ची

आठ ते बारा वर्षांच्या मुलांना स्थायू, द्रव आणि वायू या अवस्था प्रत्यक्ष प्रयोगांतून समजाव्यात, यासाठी तयार केलेला एक संच आम्ही दीड महिन्यापूर्वी मागवला. त्यात दोन चंचुपात्रे, चार परीक्षानळ्या, एक चिमटा, पॅराफिन मेणाच्या वड्या, लाल द्रवाचा तापमापक आणि चोवीस पानी पुस्तिका आहे. माझी नऊ वर्षांची मुलगी आणि तिच्याहून दोन वर्षांनी मोठा भाचा यांच्याबरोबर त्यातले सगळे प्रयोग करून झाल्यावर हे लिहीत आहे.

संचातली सर्वांत मोलाची वस्तू तापमापक आहे. एकेका अंशाची रेघ लहान मुलालाही सहज वाचता येते. पहिल्याच प्रयोगात बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी चंचुपात्रात घेऊन, ते पात्र कोमट पाण्यात ठेवून, सतत ढवळत दर मिनिटाला तापमान लिहायचे असते. तिसऱ्या मिनिटाला शून्य, चौथ्याला शून्य, सहाव्यालाही शून्यच. “आई, तापमापक बिघडलाय,” असे म्हणून मुलीने तो झटकायला सुरुवात केली, तेव्हा भाच्याने तिचा हात धरून ठेवला आणि दोघे पुन्हा वाट पाहू लागले. बर्फाचा शेवटचा कण दिसेनासा झाल्यावर लाल रेघ हळूहळू वर सरकू लागली आणि दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिले.

पुस्तिकेने इथे व्याख्या आधी न देता मुलांच्या नोंदींसाठी रिकामा तक्ता दिला आहे, हे मला फार आवडले. मधल्या काळात उष्णता गेली कुठे, हा प्रश्न मुलांना स्वतःहून पडतो आणि मगच पान उलटल्यावर उत्तर सापडते : ती बर्फातील कणांची घट्ट बांधणी सोडवण्यात खर्च झाली. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला सुमारे 334 ज्यूल उष्णता लागते आणि तेवढ्याच उष्णतेत शून्य अंशाचे एक ग्रॅम पाणी जवळजवळ 80 अंशांपर्यंत तापते. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक यांनी जिला अप्रकट उष्मा म्हटले, ती ही उष्णता मुलांनी ढवळता ढवळता अनुभवलेली असते.

पुढची पाने मात्र या तोडीची नाहीत. तापल्यावर पदार्थ प्रसरण पावतो हे दाखवताना चित्रात कणच फुगलेले काढले आहेत. कण मोठे होत नाहीत, त्यांच्यातले सरासरी अंतर वाढते. पण एकदा मनात बसलेले चित्र पुसणे किती कठीण असते, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तशीच चूक किटलीच्या चित्रात आहे. तोटीबाहेरच्या पांढऱ्या ढगाला ‘वाफ’ असे नाव दिले आहे, वास्तविक वाफ डोळ्यांना दिसत नाही आणि तो ढग म्हणजे थंड हवेत वाफेचे पुन्हा पाणी होऊन तयार झालेले बारीक थेंब असतात. तोटीच्या अगदी तोंडाशी जी मोकळी जागा दिसते, खरी वाफ तिथे असते. ती मी मुलांना लांबूनच दाखवली, कारण वाफेचा चटका उकळत्या पाण्याहूनही वाईट असतो. त्वचेवर तिचे पाणी होताना दर ग्रॅममागे सुमारे 2260 ज्यूल उष्णता बाहेर पडते. पुस्तिकेत ही सूचना ठळक अक्षरांत हवी होती.

मेणाचा प्रयोग चार ओळींत उरकला आहे, याची तर खरोखर हळहळ वाटते. परीक्षानळी गरम पाण्यात धरून मेण वितळवले आणि त्यात मेणाचा तुकडा टाकला, तर तो तळाशी जातो. पाण्यात टाकलेला बर्फ मात्र तरंगतो. मेण गोठताना आकसते, म्हणून थंड झाल्यावर नळीत मधोमध खळगा पडतो, तर पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. सामान संचातच असूनही ही तुलना पुस्तिकेत कुठेच नाही. आम्ही ती करून पाहिली, तेव्हा “मावशी, मग वेगळं कोण वागतंय, पाणी की मेण?” असे भाच्याने विचारले. बहुतेक पदार्थ मेणासारखेच वागतात आणि पाणी हाच अपवाद आहे, हे ऐकून त्याने बर्फाचा तुकडा बोटाने पाण्यात दाबून पाहिला.

सोबत मोठे माणूस बसणार असेल, तर हा संच जरूर घ्यावा. मुलाच्या हाती नुसता सोपवण्याजोगा तो नाही. कणांचे चित्र असलेल्या पानावर आम्ही कोरा कागद चिकटवला असून, त्यावर मुलीने सारख्याच आकाराचे ठिपके आधी जवळजवळ आणि मग लांब लांब काढले आहेत.