खानापूर रस्त्यावरची लाकूड वाळवायची भट्टी: फळ्यांना झकास, ओंडक्यांना नको

जांबोटी, कणकुंबीकडे लाकडी घरं बांधणारे वाढलेत आणि लाकूड वाळवायला त्यातले बरेच जण बेळगाव-खानापूर रस्त्यालगतच्या एका सॉ मिलच्या वाफेच्या भट्टीकडे जातात. दर कापलेल्या मापावर, घनफुटाने. हमाली वेगळी. सागाच्या एक ते दीड इंची फळ्या इथे खुशाल द्याव्यात. चार इंची खांब आणि अख्खे ओंडके मात्र देऊ नयेत.

थप्पी लावायची पद्धत चोख आहे. प्रत्येक थरात रंधलेल्या, एक इंच जाडीच्या पट्ट्या, दीड-दीड फुटावर आणि खालपासून वरपर्यंत एकाच ओळंब्यात. टोकाची पट्टी अगदी टोकालाच. वरून सिमेंटचे ब्लॉक ठेवून वजन देतात. ही ओळ दोन-तीन इंच जरी चुकली तरी फळी लाटेसारखी वाकते, आणि तसा बाक रंध्याने निघत नाही. इथून आलेल्या फळ्या सरळ असतात, हे मान्य करायलाच हवं.

टोकांना लावायच्या डांबराकडे मात्र दुर्लक्ष होतं. टोकाकडून पाणी फळीच्या अंगापेक्षा कितीतरी वेगाने उडतं, म्हणून डांबर किंवा मेण करवतीखालून निघाल्या दिवशीच लागायला हवं. इथे ते भट्टीत भरताना लावतात, तोवर तीन-चार इंच चिरा आत गेलेल्या असतात. एक तर डबा स्वतः घेऊन जावं, नाहीतर प्रत्येक फळी मापापेक्षा अर्धा फूट लांब कापून घ्यावी.

इंची साग 25 टक्के ओलाव्यावरून 12 वर यायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. सुरुवातीला 45 अंशांच्या आसपास, भरपूर वाफ ठेवून; शेवटी 60 पर्यंत. मत्ती ऊर्फ ऐन, किंजळ यांना ही चाल सोसत नाही. वरचा थर आधी सुकून आवळतो, आतलं ओलंच राहतं आणि अंगावर बारीक चिरांची जाळी उठते. असलं लाकूड दिवाळीनंतर सावलीत, वारा खेळेल अशा शेडमध्ये थप्पी लावून 25 टक्क्यांच्या खाली आणावं आणि मगच भट्टीत घालावं.

आता पावतीवरच्या आकड्याबद्दल. पावतीवर '12 टक्के' लिहून मिळतं, पण ते दोन पिनांच्या मीटरने फळीच्या पाठीवर टोचून घेतलेलं असतं. पिना जेमतेम पाव इंच आत जातात. दोन इंची चौकटीच्या लाकडात पाठीवर 12 आणि मध्यभागी 19 असा प्रकार इथे पाहायला मिळतो. म्हणून लॉटमधला एक नग मधोमध कापायला लावावा आणि ताज्या कापावर, गाभ्यात पिना टोचाव्यात. लाकूड थंड झाल्यावरच. भट्टीतून गरम निघालेल्या लाकडावर मीटर ओलावा जास्त दाखवतो. 30 च्या वरचा आकडा तर कुठल्याच मीटरचा धरू नये.

पक्की खात्री वजनाने होते. टोकापासून दीड फूट आत कापलेला तुकडा तोलायचा, 103 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवायचा आणि परत तोलायचा. आधी 250 ग्रॅम, नंतर 205, तर फरक 45. त्याला कोरड्या वजनाने म्हणजे 205 ने भागायचं: 22 टक्के. मिलवाला कुरकुर करेल, करू द्या.

एवढी कटकट कशासाठी? सहा इंची आडव्या कापाची (म्हणजे वाढीची वलयं रुंदीला समांतर येतील अशी कापलेली) सागाची फळी 22 वरून 12 ला आली की रुंदीला जवळपास 3 मिलिमीटर आकसते. अशा दहा फळ्यांची जमीन घातली तर फटीच इंचभर. उलट बाजूही आहे. मार्चमध्ये हवेत 50 टक्के दमटपणा असताना लाकूड 9 टक्क्यांवर स्थिरावतं. पावसाळ्यात कणकुंबीला हवा 90 वर गेली की तेच 20 कडे निघतं. म्हणून '8 टक्के करून द्या' असा हट्टही नको. आतल्या कामाला 12, ओसरीच्या खांबांना 14-15 पुरे. निपाणी-अथणीकडच्या कोरड्या हवेसाठी आतल्या कामाला 10 मागावं.

नऊ इंची ओंडक्याच्या गाभ्यापर्यंत ही भट्टी परवडेल एवढ्या दिवसांत पोचत नाही. त्यापेक्षा भिंतीत झाकली जाणारी बाजू बघून लांबीभर गाभ्यापर्यंत करवतीची खाच द्यावी, म्हणजे तडा तिथेच जातो. मग शेडमध्ये वाळवून, बांधताना आकसायला जागा सोडावी. पाइनसारख्या ओल्या ओंडक्यांना फुटामागे पाऊण इंचाचा ठोकताळा आहे. आठ फुटी भिंत त्या हिशेबाने सहा इंच खाली बसते. साग कमी बसतो, तरी खिडकी-दारावर फट ठेवल्याशिवाय चौकट ठोकू नये.

भट्टीच्या उष्णतेने आतले किडे मरतात, पुढच्यांना मात्र मज्जाव नसतो. कडेचं पांढरं लाकूड ठेवणार असाल तर बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचं पाणी वेगळं सांगून मारून घ्या. दरात ते धरलेलं नसतं.

भट्टी भरायला माल कमी पडला की इथे दोन गिऱ्हाइकांचा, इंची आणि तीन इंची माल एकत्र घालतात. मग पातळ करपतो नाहीतर जाड ओला राहतो. ऑर्डर देतानाच 'एका जाडीचा माल' असं पावतीवर लिहून घ्यावं, आणि लॉरीवर ताडपत्री आपली न्यावी.