गोव्यात डेलिया लावायचाय? ताटाएवढा, कॅक्टस, पॉमपॉम की साधा, कुठला घ्यायचा

पाऊस उघडला आणि दसरा जवळ आला की नर्सऱ्यांमध्ये डेलियाची रोपं दिसायला लागतात, मोबाईलवर कंदांच्या जाहिराती तर चवथ (गणेशचतुर्थी) संपायच्या आधीच सुरू होतात, आणि त्या सगळ्या जाहिरातींत फोटो एकच, ताटाएवढं फूल आणि ते कुणीतरी दोन्ही हातांनी धरलेलं. बहुतेक जण तेच मागवतात. माझं स्पष्ट मत असं आहे की गोव्यात, त्यातही किनारपट्टीला राहत असाल, तर पहिला डेलिया तो घेऊ नका. लहान फुलाचा घ्या.

कारण सांगते. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या उंच डोंगराळ भागातला. दिवसा ऊन त्याला हवंच असतं, पण रात्र गार लागते. आपल्याकडे पणजी-मडगावला डिसेंबर-जानेवारीतसुद्धा दुपारी 31-32 डिग्री आणि रात्री 20 च्या आसपास, म्हणजे झाड जगतं, फुलतं, पण मोठं फूल भरायला जो गारवा लागतो तो कमीच. वाळपई, साखळी, घाटाच्या पायथ्याकडे पहाटे चांगलं दव पडतं, तिकडे जरा बरं जमतं. दुसरं म्हणजे दिवसाची लांबी, याकडे कुणी लक्षच देत नाही. डिसेंबरात आपला दिवस सव्वाअकरा तासांच्या आसपास असतो, आणि दिवस लहान झाला की डेलिया सगळा जोर जमिनीखाली कंद भरण्यात घालतो, वर पाकळ्या कमी येतात आणि भरगच्च फुलाच्या मधोमध पिवळा डोळा उघडा पडतो. दहा इंची फुलाची सगळी शान तिथेच जाते. साध्या एकेरी फुलाचा डोळा मुळात उघडाच असतो, त्याचं काय बिघडणार.

आता एकेक प्रकार शेजारी शेजारी ठेवून बघू.

मोठे डेकोरेटिव्ह, ज्यांना डिनर प्लेट म्हणतात ते. केल्विन फ्लडलाइट हा पिवळा यातला नावाजलेला, दहा इंच आणि वर जाणारा, कॅफे ओ ले म्हणजे दुधाळ कॉफीच्या रंगाचा त्याहून थोडा लहान पण लग्नाच्या फोटोंमुळे सगळ्यांना तोच हवा असतो. याला कुंडी कमीत कमी 12 इंची, जमलं तर 14, आणि काठी कंद लावतानाच रोवायची, नंतर रोवली की कंदात घुसते. शेंड्याला तीन कळ्या येतात त्यातली मधली ठेवून बाजूच्या दोन वाटाण्याएवढ्या असतानाच खुडायच्या, खालचे फुटवे पण काढायचे, असं केलं तरच आकार मिळतो. म्हणजे एका झाडावर तीन-चार फुलं, बस. त्यात नोव्हेंबरात अवकाळी सर आली की फूल पाणी धरतं आणि मान मोडते, दुपारचं ऊन थेट आलं तर पाकळ्या कडेने करपतात, म्हणून दुपारी एकनंतर सावली येईल अशीच जागा लागते. पुष्पप्रदर्शनात ठेवायचं असेल, रोज अर्धा तास द्यायची तयारी असेल, घर आतल्या भागात असेल तर जरूर लावा, फुललं की रस्त्याने जाणारा माणूस थांबतोच. पण एकच कुंडी.

कॅक्टस आणि सेमी-कॅक्टस. यांच्या पाकळ्या मागे वळून नळीसारख्या होतात, फूल ताऱ्यासारखं दिसतं, आणि पाकळी बारीक असल्यामुळे दव-पाणी मोठ्या डेकोरेटिव्हएवढं साठत नाही. दिसायला मला हाच प्रकार सगळ्यात जास्त आवडतो, खोटं कशाला बोलू. पण जानेवारीत सकाळी घाटाकडून कोरडा वारा सुटतो ना, त्याने टोकं तपकिरी होतात आणि टोक गेलं की या फुलात उरतं काय. भिंतीच्या आडोशाला, वारा थेट लागणार नाही तिथे चार ते सहा इंची फुलाचा वाण निवडा, मोठ्या कॅक्टसच्या मागे जाऊ नका.

पॉमपॉम आणि बॉल. आपल्या हवेत माझी पहिली पसंती हीच. पॉमपॉम म्हणजे दोन इंचापर्यंतचा गच्च गोल गोळा, त्याहून मोठा तो बॉल, साडेतीन इंचापर्यंत छोटा बॉल आणि पुढे मोठा. फूल जवळून बघा, पाकळ्या कडेने आत वळलेल्या असतात आणि मधमाशीच्या पोळ्यासारखी एकावर एक बसलेली घरं दिसतात, पूर्ण उमलल्यावर मागच्या पाकळ्या देठाला टेकतात. त्यामुळे फूल टिकतं. देठ ताठ, काठी साधी पुरते, बाजूच्या कळ्या खुडायची गरज नाही, एका झाडावर पंधरवडा पंधरवडा फुलं चालू राहतात. आणि आपल्या घरांत एक गोष्ट महत्त्वाची असते, हे फूल देव्हाऱ्यात मावतं. ताटाएवढा डेलिया देवाला वाहायचा म्हटलं तर देवच झाकला जातो, पॉमपॉम मात्र देवाच्या तसबिरीला, तुळशीच्या कट्ट्यावर, नाताळात शेजारच्यांच्या बाल्कांवातल्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीतल्या, फुलदाणीत, कुठेही शोभतो. वास मात्र कुठल्याच डेलियाला असा नसतो, तेव्हा जाई-अबोली काढून तिथे हा लावायचा विचार करत असाल तर नको, दोन्ही राहू द्या.

फुलदाणीसाठी कापायचा तर सकाळी लवकर, आणि पूर्ण उमललेलाच, कारण कापलेली कळी पाण्यात पुढे उमलत नाही. चार-पाच दिवस सहज जातात.

एकेरी आणि कॉलरेट. एकेरीत बाहेर पाकळ्यांची एकच रांग, साधारण आठ, आणि मधे पिवळी चकती. कॉलरेटमध्ये त्या रांगेच्या आत छोट्या पाकळ्यांची आणखी एक गळपट्टी असते, बहुतेकदा वेगळ्या रंगाची. मधमाश्या आणि फुलपाखरं यांच्यावरच येतात, भरगच्च फुलात त्यांना परागापर्यंत पोचताच येत नाही, म्हणून परसात भोपळा-दोडकी-कारली असतील तर शेजारी दोन एकेरी डेलिया लावाच. बिशप ऑफ लँडॅफ हा नेमका एकेरी नाही, अर्धभरल्या फुलाचा, पण डोळा उघडाच, लाल फुलाचा, काळपट पानांचा जुना वाण, 1924 चा, वेल्समधल्या कार्डिफचा, फुलं नसतानाही पानांमुळे उठून दिसतो. या प्रकाराचा तोटा एकच, फूल दोन-तीन दिवसांत पाकळ्या टाकतं, त्यामुळे सुकलेली फुलं सतत काढत राहायला लागतं. इथे पुष्कळ जण फसतात आणि नवी कळीच तोडतात. कळी गोल आणि वरून चपटी असते, शर्टाच्या बटणासारखी, झडलेलं फूल मिटलं की टोकदार आणि दाबल्यावर ओलसर लागतं. तेवढं बोटाला कळलं की झालं.

उरला बियांचा बुटका डेलिया, फिगारो वगैरे नावाने पाकिटं मिळतात. उंची फूट-सव्वा फूट, आठ इंची कुंडीत मावतो, काठी नाही काही नाही. फ्लॅटच्या बाल्कनीत राहणाऱ्यांनी सरळ हाच घ्यावा. बी ऑक्टोबरच्या सुरुवातीला ट्रेमध्ये पेरलं की आठ-दहा दिवसांत उगवतं आणि नव्या वर्षाच्या सुमाराला फुलं. रंग कुठला येईल ते मात्र सांगता येत नाही, आणि आवडलेल्या झाडाचं बी धरून पुढच्या वर्षी तेच फूल येईल ही आशाही ठेवू नका, डेलियात गुणसूत्रांचे आठ संच असतात त्यामुळे बियांतून काहीही निघतं. तोच वाण हवा तर कंद नाहीतर कटिंग.

कंद विकत घेताना एक बघा, नुसता जाडजूड कंद बघून भुलायचं नाही. जिथून कोंब फुटतो तो डोळा कंदावर नसतो, तो जुन्या देठाच्या बुडाशी, मानेजवळ असतो, तो तुकडा सोबत नसेल तर कंद रताळ्याएवढा असला तरी फुटणार नाही. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी त्या मानेचा फोटो मागून घ्यावा.

आणि परदेशी व्हिडिओ बघून मे महिन्यात लावायला जाऊ नका, त्यांचा तो वसंत असतो, आपल्याकडे पुढे जूनचा पाऊस उभा असतो आणि कंद कुजून चिखल होतो. आपला हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी, मार्चात उन्हाने झाड आपोआप मान टाकतं. नुसती चिऱ्यांची तांबडी माती वापरू नका, निम्मी माती आणि बाकी कुजलेलं शेणखत, थोडी जाड वाळू, मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरतं. नत्राचं खत जास्त झालं तर पानंच पानं. भुरी पडते, गोगलगायी कोवळे शेंडे खातात, त्या रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या, दुसरा सोपा उपाय नाही.

पावसाळ्यात कंद सांभाळणं हा आपल्याकडचा खरा प्रश्न, आणि वाण निवडताना तोही धरायला हवा. खणून, सावलीत वाळवून, कोरड्या कोकोपीटमध्ये ठेवतात ते बरोबरच, पण जुलैतली आपली दमट हवा म्हणजे बुरशी आलीच, दर पंधरा दिवसांनी चाचपून बघायला लागतं. पॉमपॉमचे कंद बहुधा बारीक असतात, ते उलट सुकून सुरकुततात. मला सोपं वाटतं ते हे की फुलं संपल्यावर झाड वीतभर ठेवून कापायचं, पाणी बंद करायचं आणि कुंडी तशीच पडवीत, पावसाचा शिंतोडाही येणार नाही अशी सरकवून ठेवायची. सप्टेंबरात थोडं पाणी दिलं की फुटवे येतात, तीन इंचांचे झाले की कटिंग घ्यायची, दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. मोठी 14 इंची कुंडी असं सरकवत बसणं कठीण, आठ-दहा इंची सहज उचलता येते, हेसुद्धा लहान फुलाच्या बाजूनेच जातं.

तर यंदा पहिल्यांदाच लावत असाल आणि अंगण असेल तर दोन पॉमपॉम किंवा छोटे बॉल, एक एकेरी, आणि फारच हौस असेल तर आडोशाला एक सेमी-कॅक्टस. कंद दसऱ्याच्या आसपास लागला पाहिजे, रोप असेल तर तुळशीच्या लग्नापर्यंत चालतं. त्याहून उशीर झाला तर कंद-रोपाच्या भानगडीत न पडता डिसेंबरात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून किंवा नर्सरीतून कुंडीसकट फुललेलं झाड आणा, फक्त निवडताना उमललेलं फूल बघू नका, खाली न उघडलेल्या कळ्या किती आहेत ते बघा आणि कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर आलेली असतील तर दुसरी कुंडी उचला.