दोन रजिस्टर-गट ताडायचे: बीकेसीएमपी की फॉर-नेक्स्ट?
रत्नागिरीच्या मिरकरवाड्याकडच्या बर्फ कारखान्यात मित्सुबिशीच्या एफएक्स३यू पीएलसीतली (यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकातली) दहा सेटिंग मूळ प्रतीशी ताडायची, तर मार्ग कोणता? प्रत्येक सेटिंग एका रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा साठवायच्या जागेत असतं.

बीकेसीएमपी= ही दोन रजिस्टर-गट एकदम ताडणारी आज्ञा; तिला एकच ओळ पुरते: डी६००, डी७०० (दोन्ही गटांची पहिली रजिस्टरं), एम१०० (निकालाचा पहिला बिट), के१० (संख्या दहा). एम१०० ते एम१०९ पैकी जो बिट बंद, त्याच क्रमाचं रजिस्टर चुकलेलं. दहाही जुळले की एम८०९० हा खास बिट चालू होतो. तो लगेच वापरा, पुढची बीकेसीएमपी त्याला बदलून टाकते.

फॉर-नेक्स्ट, म्हणजे एकेक रजिस्टर ताडत तीच तुलना पुन्हा पुन्हा करणं, लांबलचक. फॉरच्या आधी झेड० (कितवं रजिस्टर ते सांगणारा आकडा) शून्य करायचा राहिला की तुलना भलत्याच रजिस्टरवर सरकते.

पावसाळ्यात वीज सारखी जाते, म्हणून मूळ प्रत डी५१२ च्या पुढेच ठेवा. डी० ते डी१९९ पुसले जातात.

तंतोतंत जुळणीला बीकेसीएमपी. दोन अंशांची सूट द्यायची असेल किंवा पीएलसी जुना एफएक्स१एन असेल (त्यात बीकेसीएमपी नाही), तर फॉर-नेक्स्टच.