राउटर बदलून देतो म्हणाला आणि १५,४६४ रुपये घेऊन गेला

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांनी हे जरूर वाचावे, कारण तो माणूस अजून याच भागात फिरत असणार. आतल्या खोलीत वाय-फाय पोहोचत नाही अशी तक्रार मी इंटरनेट कंपनीच्या ॲपवर नोंदवली आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. बोलणाऱ्याला माझा ग्राहक क्रमांक, ३०० एमबीपीएसचा प्लॅन आणि तक्रारीचा मजकूरसुद्धा ठाऊक होता. मग तो घरी आला. गळ्यात ओळखपत्र, खांद्यावर केबलचे बंडल, सोसायटीच्या नोंदवहीत रीतसर सही. अशा माणसाला कोण दारातून परत पाठवतो?

राउटर जुना झाला आहे, नवा ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारा घ्या आणि आतल्या खोल्यांपर्यंत कॅट सिक्स ही वेगवान इंटरनेटची केबल ओढून घ्या, असे त्याचे निदान होते. त्यातले केबलचे म्हणणे तर अगदी खरे होते, आणि हीच या लोकांची खुबी आहे. इथल्या बऱ्याच नव्या टॉवरांतल्या भिंती मायव्हान पद्धतीच्या, म्हणजे सळ्या घालून ओतलेल्या अखंड काँक्रीटच्या असतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यांतून जेमतेम पार होतात, २.४ गिगाहर्ट्झच्या त्यापेक्षा लांब जातात, पण त्या पट्ट्यावर वरखालच्या सगळ्या घरांची गर्दी असते. अशा घरात केबलला पर्याय नाही हे मला माहीत होते, म्हणूनच मी तयार झालो.

राउटर ६,४९९, ४२ मीटर केबल ६५ रुपये मीटरने २,७३०, चार सॉकेट १,८००, मजुरी २,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १५,९६४ रुपये झाले. जुन्या राउटरचे ५०० वजा करून उरलेले १५,४६४ रुपये मी यूपीआयने दिले. बिलावरचा जीएसटी क्रमांक तेरा अक्षरी होता. तो पंधरा अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातल्या व्यावसायिकाचा २७ ने सुरू होतो. पैसे देण्याआधी मोजून घ्या.

फसवणूक पकडण्याचा खरा क्षण मात्र वेगळाच होता आणि तो आठवला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. माझ्या फोनवर नव्या नेटवर्कचे एकच नाव दिसत होते. दोन बँड असतील तर दोन नावे का नाहीत, असे मी त्याला विचारलेही! तो शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, स्मार्ट कनेक्ट आहे, दोन्ही एकाच नावात येतात.’’ अशी सोय खरोखरच असते, त्यामुळे मी गप्प बसलो. त्याच वेळी फोनमध्ये त्या नेटवर्कचा तपशील उघडला असता, तर फ्रिक्वेन्सी किती आहे ते तिथेच दिसले असते. तुम्ही तो माणूस घरात असतानाच पाहा.

तो गेल्यावर केबल थेट लॅपटॉपला लावूनही वेग ९४ एमबीपीएसच्या वर जाईना. शेजाऱ्यांनी सॉकेट उघडले, तेव्हा आठपैकी चारच तारा जोडलेल्या निघाल्या. १०० एमबीपीएसला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १,००० एमबीपीएसला, चारही लागतात. तार खरवडली तर आत पांढरे ॲल्युमिनियम, तांबे नुसते वरून. राउटर केवळ २.४ गिगाहर्ट्झचा, १०० एमबीपीएसच्या पोर्टांचा, वापरलेला. खोक्यावरचा आणि यंत्रावरचा अनुक्रमांक वेगळा. आमचा जुना राउटर ड्युअल बँडच होता, तो हा गृहस्थ ५०० रुपयांत घेऊन गेला.

पोलीस ठाण्यात सांगितले, की हा मालाच्या दर्जाचा वाद आहे, ग्राहक आयोगात जा. सायबर कक्षात सांगितले, की ओटीपी गेलेला नाही, पैसे तुम्हीच पाठवलेत, पोलीस ठाण्यात जा. बँकेने व्यवहार ‘ग्राहकाच्या संमतीने’ झाल्याचा छापील मजकूर पाठवला. ओळखपत्र खोटे होते, नाव खोटे होते, तरी हा गुन्हा कोणाच्याच टेबलावर बसत नव्हता. ज्या खात्यात पैसे गेले त्याचा क्रमांक मी लिहून नेला होता, तो कागद हातात घेण्याचेही कष्ट कोणी घेतले नाहीत. तुमच्यावर अशी वेळ आली तर वाट न पाहता त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद करा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, पण विरुद्ध पक्षाचे नाव-पत्ता लागतो, आणि तोच माझ्याकडे नाही. वाय-फायचा आणि राउटरच्या सेटिंगचा, असे दोन्ही पासवर्ड बदला. ते त्यानेच ठेवलेले असतात.

इंटरनेट कंपनी म्हणते, तो आमचा माणूस नाही. मग माझी तक्रार त्याच्यापर्यंत कशी पोहोचली, या प्रश्नाला उत्तर नाही. या महिन्याच्या बिलात मात्र ‘परत न केलेले उपकरण’ म्हणून १,५०० रुपये लावले आहेत, कारण तो जुना राउटर कंपनीच्या मालकीचा होता.