टेफ्लॉन ग्लँड पॅकिंग: आठ महिने वापरल्यानंतर, आणि तळाशी अडकलेल्या त्या एका रिंगबद्दल

बोटीच्या पंख्याचा शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथे एक बॉक्स (ग्लँड) असतो, त्यात शाफ्टभोवती दोरीच्या रिंगा घालून वरून नटाने आवळतात, म्हणजे पाणी आत शिरायचं रोखलं जातं; त्या रिंगा म्हणजेच पॅकिंग. मागच्या सीझनला यार्डातल्या माणसाने ते पॅकिंग बदललं असं सांगून पूर्ण कामाचे पैसे घेतले आणि तीन आठवड्यांत इंजिन बंद असताना, शाफ्ट जागच्या जागी उभा असताना, सेकंदाला एक थेंब गळायला लागला. ऐकायला एक थेंब वाटतो पण वीस थेंबांचा साधारण एक मिली धरा, दिवसाला सव्वाचार लिटर होतात. बोटीवर आठवडा आठवडा कुणी नसतं, पंप आपोआप चालू होऊन बॅटरी खात राहतो, आणि बॅटरी संपली की पाणी काही थांबत नाही. म्हणून ठरवलं की आता स्वतःच करायचं.

मेणातली फ्लॅक्सची (जवसाच्या धाग्याची) दोरी सोडून टेफ्लॉनची घेतली. ग्रॅफाइटवालीही चांगली चालते म्हणतात पण ग्रॅफाइट आणि स्टेनलेस खाऱ्या पाण्यात एकत्र आले की शाफ्ट खायची भीती, ती मला नको होती. साइझ कुणाला विचारत बसू नका, बॉक्सचा आतला व्यास वजा शाफ्टचा व्यास, भागिले दोन. माझा शाफ्ट एक इंची, बॉक्स आतून दीड, म्हणजे पाव इंची दोरी.

बोट पाण्यातच होती, त्यामुळे बाहेरून शाफ्ट तळात शिरतो तिथे चिंधी गुंडाळून करकचून बांधली आणि इंजिनची किल्ली खिशात ठेवली. लॉक नट (मुख्य नट सैल होऊ नये म्हणून लावलेला दुसरा नट) जाम होता, दोन मोठे पाने लागले. हे करताना बॉक्स एका पान्याने धरूनच ठेवा, नाहीतर बॉक्सला बोटीशी जोडणारा मागचा रबरी होज पिळला जातो आणि तो होज फाटला तर बोट बुडते, पॅकिंग वगैरे मग बाजूलाच राहिलं.

आता मुख्य गोष्ट. टोकाला स्क्रू असलेल्या लवचीक हूकने तीन रिंगा निघाल्या, त्या बऱ्यापैकी नव्या होत्या, मला वाटलं झालं. सहज टॉर्च मारून आरशात बघितलं तर एकदम तळाशी चौथी रिंग! काळी, लाकडासारखी कडक, किती वर्षांची कोण जाणे. म्हणजे त्या माणसाने वरच्या तीन काढल्या, खालची सोडून दिली आणि नव्या तीन तिच्यावर ठोकल्या. ती कडक रिंग दाबलीच जात नाही, मग वरचा नट कितीही आवळा, तळाशी शाफ्टभोवती फट राहणारच, आणि आवळून आवळून वरच्या रिंगा मात्र शाफ्टला घासतात. ती एक रिंग काढायला मला पावणेदोन तास लागले, तुकडे तुकडे होऊन आली. बाकीचं सगळं काम मिळून तासाभराचं होतं. मला याचा राग अजून आहे, कारण जो भाग दिसत नाही तो सोडून द्यायचा आणि पैसे पूर्ण घ्यायचे हे बोटीच्या कामात चालत नाही, खाली पाणी आहे.

तळ दिसल्यावर शाफ्टवरून नख फिरवून बघा. नख अडकलं तर खाच पडली आहे आणि नवीन पॅकिंग टिकणार नाही. माझं अडकलं नाही. दोरी शाफ्टवरच गुंडाळून तिरका काप दिला, चार रिंगा, एकेक करून आत दाबली, प्रत्येकीचा सांधा आधीच्यापेक्षा तिसरा हिस्सा फिरवून.

पहिले दोन महिने शून्य थेंब. मी इतका खूश होतो की ओळखीच्या सगळ्यांना सांगत सुटलो की हेच घ्या. ते मत आता बदललंय. एकदा वारा पडला म्हणून चार तास इंजिनवर आलो आणि सहज नटाला हात लावला तर हात ठेववेना. शून्य थेंबाच्या हट्टापायी मीच जास्त आवळलं होतं. पाण्यानेच शाफ्ट थंड राहतो, कोरडा तापला की पॅकिंग जळतं आणि शाफ्टला खाचा पडतात. नट थोडा थोडा सैल केला, आता शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब, बंद असताना काही नाही, नट कोमट. थेंब मोजण्यापेक्षा हात लावून बघणं जास्त खरं.

सहाव्या महिन्यात गळती पुन्हा वाढली आणि मी पॅकिंगलाच दोष देणार होतो. पण कपलिंगमध्ये (इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकत्यांमध्ये) फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातली तर वर आणि खाली आठ थाउचा (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ) फरक, माझ्या चार इंची कपलिंगला चारच्या वर चालत नाही. इंजिनचे माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते आधार, खाली दबले होते. अलाइनमेंट केलं, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट पुन्हा एका रेषेत आणले, आणि पॅकिंगला हात न लावता गळती जागेवर आली. म्हणजे टेफ्लॉनची काही चूक नव्हती, हे लिहायलाच हवं.

पॅकिंगऐवजी ड्रिपलेस सील (थेंबही न गळणारं सील) घ्या असं बरेच जण सुचवतात. त्यात बेलोज (भात्यासारखा रबरी भाग) ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो आणि त्यासाठी कपलिंग उघडा, शाफ्ट मागे सरकवा, बोट बाहेर काढा. पॅकिंग मी पाण्यात राहून बदलतो, मला हेच परवडतं.

दीड फूट दोरी उरली आहे, चार रिंगांना पुरते. पिशवीत बंद करून टूलबॉक्समध्ये ठेवली, वर मार्करने लिहिलं: पाव इंच, चार रिंगा, आधी तळ बघ.