शनिवार-रविवारचं पॅरिस: लूव्र की ऑर्से?

दोन दिवसांत आयफेल, माँमार्त्रची टेकडी आणि सीन नदीतली बोट उरकायची असेल, तर संग्रहालय एकच धरा.

लूव्रचं नाव मोठं, पसाराही तसाच. काचेच्या पिरॅमिडखालून आत शिरलात की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. मोनालिसा जेमतेम 77 बाय 53 सेंटिमीटर, तीही काचेआड, आणि समोर उंचावलेल्या मोबाइलांचं रान. त्यापेक्षा भव्य जिन्याच्या माथ्यावरची शिर नसलेली, पंखवाली विजयदेवता पाहा. संगमरवरी वस्त्र वाऱ्यानं अंगाला चिकटलंय असंच वाटतं.

नदीपलीकडचं ऑर्से म्हणजे 1900 सालचं रेल्वे स्टेशन, 1986 पासून संग्रहालय. दोन-तीन तासांत मन भरतं. मोने, रेन्वार, देगा यांची चित्रं आहेतच. व्हॅन गॉगच्या 1889 च्या स्वचित्रामागचे ते निळसर भोवरे मात्र जवळ जाऊन बघा. वरच्या भल्यामोठ्या घड्याळाच्या काचेतून शहरही दिसतं, फुकटात.

माझं मत ऑर्सेला. इजिप्तच्या दालनासाठी पोरं हटून बसली तर लूव्र. मग शुक्रवारी उतरल्या उतरल्या संध्याकाळीच गाठा, तेव्हा रात्री नऊपर्यंत उघडं असतं. सुट्टी जोडून घेतली असेल तर ध्यानात ठेवा: ऑर्से सोमवारी बंद, लूव्र मंगळवारी.