लिनक्सच्या ‘लायसन्स’चे ८९,४४६ रुपये ८२ पैसे

फोनवरच्या फसवणुकीत गेलेला आकडा आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे लपवायला काही उरत नाही. ८९,४४६ रुपये ८२ पैसे. तारीख १४ ऑगस्ट २०२४, बुधवार, संध्याकाळी सव्वासहा ते आठ. गावाचं नाव लिहीत नाही. गोदाकाठचं तालुक्याचं गाव आहे, एवढं पुरे. रोज सकाळी त्याच स्टँडवरून एसटी धरून शाळेवर जायचं असतं आणि अर्धी बस ओळखीची असते.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. एमएस-सीआयटी पास. शाळेच्या फळ्यावर सुविचाराच्या जागी ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे वाक्य मीच लिहिलेलं. आणि मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो, मी कोणालाही ओटीपी सांगितला नाही. तरी पैसे गेले. कसे गेले ते वाचा आणि मग हसा.

घरचा कॉम्प्युटर २०१७ चा. सहाव्या पिढीचा आय-थ्री. विंडोज १० त्यावर कुंथत चालायचं. मुलगी संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे, तिने दिवाळीच्या सुट्टीत हार्ड डिस्कवर १०० जीबी मोकळी करून शेजारी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टिम, टाकून दिलं. चालू केलं की काळ्या पडद्यावर यादी यायची : वर मिंट, खाली विंडोज. बाण खाली-वर करायचा, एंटर मारायचं. दहा सेकंद काहीच केलं नाही तर आपोआप मिंट. बातम्या, व्हिडिओ, बँक सगळं मिंटवर पळायचं. कृतिदेव फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका आणि जुना प्रिंटर यांच्यासाठी विंडोज. व्यवस्था झकास होती. स्टाफरूममध्ये मी ऐटीत सांगायचो, ‘फुकट आहे हो, लिनक्सला रुपया लागत नाही, लायसन्स नाही, काही नाही.’ हे वाक्य लक्षात ठेवा.

त्या दिवशी सकाळी विंडोजवर काम करून मी ‘अपडेट अँड शट डाउन’ दाबून शाळेत गेलो. संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनाची २६ प्रमाणपत्रं छापायची होती. बटण दाबलं. यादी आलीच नाही. इंग्रजीत दोन ओळी आल्या, ‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड’ अशी सुरुवात आणि शेवटी ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’. आणि मशीन बंद. परत लावलं, परत तेच. पाच वेळा.

यात गंभीर काहीही नव्हतं, हे नंतर कळलं. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज सुरक्षा अपडेटमध्ये, धोका असलेल्या जुन्या बूटलोडरांना, म्हणजे सिस्टिम चालू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामना, सिक्युअर बूटने, म्हणजे मशीन चालू होतानाच्या पहारेकऱ्याने, आत घेऊ नये, असा नियम कडक झाला. दोन सिस्टिम असलेल्या मशीनला तो लागू व्हायचा नव्हता, पण बऱ्याच ठिकाणी झाला, आणि जगभर कितीतरी लोकांचं लिनक्स माझ्यासारखंच दारात अडलं. व्हायरस नाही, हॅकर नाही, डेटा जागच्या जागी. पण घरात बसलेल्या माणसाला ‘सीरियसली राँग’ दिसलं की त्याचं काय होतं, ते ज्याला दिसलं त्यालाच ठाऊक. मुलीला फोन लावला, तिचं प्रॅक्टिकल चालू. उचलला नाही.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. ती ओळ मोबाइलवर टाकून शोधलं. सगळ्यात वर टोल फ्री नंबर. त्याच्यावर बारीक अक्षरात ती जाहिरात असल्याचं लिहिलेलं असतं, हे मी आज सांगतोय. त्या दिवशी मला फक्त नंबर दिसला.

हिंदी बोलणारा पोरगा. सर, सर करत होता. मी ओळी वाचून दाखवल्या. म्हणाला, चालू करताना एफ-१२ दाबत राहा. (हे बटण मशीनप्रमाणे बदलतं, कुठे एफ-११, कुठे एफ-९, कुठे एस्केप.) दाबलं. छोटी यादी आली. ‘विंडोज बूट मॅनेजर लीजिए सर.’ घेतलं. आणि विंडोज उघडलं!

आता मला सांगा, ज्याने पाच मिनिटांत बंद पडलेलं मशीन चालू करून दिलं, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर ठेवायचा? लोक म्हणतात, ‘गुरुजी, तुम्ही फसलातच कसे?’ असा फसलो. त्याने आधी काम केलं. खरं काम तेवढंच होतं, आणि ते फुकट होतं. प्रमाणपत्रं छापून फोन ठेवायला काय झालं होतं मला!

‘सर, ये टेंपररी है. रूट कॉज देखना पड़ेगा.’ दुरून कॉम्प्युटर चालवायचं अॅप टाकायला लावलं. त्या अॅपचा दोष नाही, चांगले लोकही ते वापरतात. नऊ आकडी नंबर मी वाचून दाखवला, माउसचा बाण आपोआप हलायला लागला. त्याने ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडलं. लाल खुणा, पिवळे त्रिकोण, खाली खाली सरकतच होते. ३,११२ नोंदी. ‘ये सब इन्फेक्शन है सर.’ तुमच्या मशीनवर आत्ता उघडून बघा, तुमच्याकडेही असतील. नव्याकोऱ्या मशीनवरही असतात. ती रोजकीर्द आहे, रोगाचा रिपोर्ट नाही.

आणि मग तो ते वाक्य बोलला. ‘सर, आपके लिनक्स का लायसन्स एक्सपायर हो गया है, इसलिए विंडोज के लायसन्स से क्लॅश हो रहा है.’

लिनक्सचं लायसन्स. एक्सपायर. मी, जो वर्षभर स्टाफरूममध्ये सांगत होतो की याला रुपया लागत नाही, त्या मी विचारलं काय? ‘रिन्यू करायला किती लागतील?’ कितीदा तरी रात्री उठून बसलोय या एका प्रश्नावर. त्याच्या तोंडून निघालेलं ते वाक्य इतकं उघडं खोटं होतं की पाचवीतल्या पोराला सांगितलं असतं तरी ते म्हणालं असतं, सर, ते तर फुकट आहे ना. मला आत कुठेतरी टोचलंही. पण वाटलं, फुकट म्हणजे पहिलं वर्ष फुकट असेल. सिमकार्डवाल्यांनी, केबलवाल्यांनी आपल्याला तीच सवय लावलीय. घड्याळात सात वाजले होते, प्रमाणपत्रं राहिली होती.

२,४९९ रुपये. क्यूआर स्कॅन केला तर वर कंपनीचं नाव नाही, कुण्या बाईचं नाव आलं. विचारलं. ‘वो हमारी अकाउंट्स की मॅडम हैं.’ बरं म्हणालो. बरं! मग १८ टक्के जीएसटी वेगळा : ४४९ रुपये ८२ पैसे. तुम्हाला खरं सांगू, मला त्या ८२ पैशांनीच गार केलं. चोर कधी पैसे-पैसे मागतो का? चोर गोल आकडा मागेल, असा माझा समज. तो समज ज्याला असेल त्याने आजच काढून टाकावा.

पुढचं भरभर लिहितो, कारण त्याची जास्त लाज वाटते. ‘पेमेंट रिफ्लेक्ट नहीं हुआ, नेट बँकिंग खोलके देखिए.’ उघडलं, त्याच्या डोळ्यांदेखत. ‘मोबाइल का भी सिक्युरिटी चेक कर लेते हैं.’ मोबाइलवरही तसलंच अॅप. आता समजलं ना ओटीपी कसा गेला? सांगितला नाही, दाखवला. मेसेज माझ्या मोबाइलवर यायचा, तो तिकडे बसून वाचायचा. मग म्हणाला, स्कॅन चालू आहे, स्क्रीन काळी होईल, हात लावू नका. झाली काळी. मी हाताची घडी घालून बसलो. बायको दारात येऊन म्हणाली, ‘कोणाशी बोलायलेत हो एवढा वेळ? मोबाइल सारखा टुणटुण करायलाय.’ मी तिला हातानेच गप्प केलं. त्या टुणटुणीत ४९,९९९ आणि ११,५०० गेले. वेळा मेसेजवर आहेत, ७:३६ आणि ७:३९.

मेसेज वाचल्यावर मी कॉम्प्युटरची वायर उपसली. मोबाइलचं इंटरनेट मात्र चालूच ठेवलं, आणि त्याच मोबाइलवरून ७:४३ ला बँकेच्या कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, खात्याचा नंबर टाका, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग बासरी. ७:५२ ला, बासरी चालू असताना, २४,९९९ गेले. ७:५८ ला माणूस भेटला आणि त्याने खातं गोठवलं.

म्हणून सांगतो, असं झालं की आधी मोबाइल फ्लाइट मोडवर टाका आणि शेजाऱ्याच्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. बँक नंतर. १९३० मला दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर पावणेदहाला मुलीने सांगितलं. तेवढ्या उशिरा लावूनही ११,५०० रुपये समोरच्या बँकेत अडवले गेले. बाकीचे रात्रीच कुठल्यातरी एटीएममधून निघाले होते. आदल्या संध्याकाळीच लावला असता तर? नको तो हिशोब.

आता साहेब लोकांचं ऐका.

१५ ऑगस्टला बँक बंद. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्तात, उद्या या. १६ ला गेलो. ‘ऑनलाइन फसलात ना, मग तक्रारही ऑनलाइन करा.’ केली आहे म्हणून पावती दाखवली. ‘मग इथे कशाला आलात?’ अर्ज घ्या म्हटल्यावर अर्ज वाचायला सुरुवात झाली. ‘हे लिनक्स कोण?’ कोण नाही हो, काय. मी टेबलावर बोटाने चौकोन काढून समजावलं की एकाच मशीनमध्ये दोन सिस्टिम असतात. ‘म्हणजे कॉम्प्युटर दोन?’ एकच. ‘मग तक्रार कोणत्या कॉम्प्युटरची?’ शेवटी अर्जावर शिक्का पडला, त्यात लिनक्सचं ‘लायनेक्स’ झालं होतं. वर ऐकवलं, ‘गुरुजी, तुम्हीच असं केल्यावर लेकरांनी काय करायचं?’ आयटी कायद्याच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरचाच अधिकारी करू शकतो, हे कायद्यातच आहे. निरीक्षकांची सही मिळायला माझ्या चार किरकोळ रजा गेल्या. कधी गणपतीचा बंदोबस्त, कधी मंत्र्यांचा दौरा, मग निवडणूक.

बँकेची तऱ्हा वेगळी. तिथे सगळे गोड. ‘सर, ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आलाय, म्हणजे व्यवहार तुम्हीच केलाय.’ ४९,९९९ आणि ११,५०० चं मी समजू शकतो, माझा गाढवपणा आहे. पण २४,९९९? रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक तेव्हा लागू होतं : ग्राहकाची चूक असली तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातात, ते नुकसान बँकेचं. मी ७:४३ ला फोन केला, पैसे ७:५२ ला गेले. परिपत्रक छापून नेलं. शाखेत उत्तर काय? ‘आमच्या सिस्टिममध्ये तुमची तक्रार ७:५८ ला नोंद आहे.’ मग ती पंधरा मिनिटं बासरी कोण वाजवत होतं? मोबाइल कंपनीकडून कॉलचा तपशील आणला, ७:४३ स्पष्ट दिसतं. ‘हेड ऑफिसला मेल करा.’ केला. हेड ऑफिस म्हणतं शाखेला भेटा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, हे बँकेतल्या एकाही माणसाने मला सांगितलं नाही. म्हणून मी सांगतोय. फोन केला की तक्रार क्रमांक आणि वेळ मागून घ्या, कागदावर लिहा.

अडवलेले ११,५०० सोडवायला कोर्टाचा आदेश लागला. आठ महिन्यांनी खात्यात आले. वकिलाची फी सांगत नाही.

मुलगी राखीला, १९ तारखेला आली. काही बोलली नाही, याचाच जास्त त्रास झाला. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट बंद केलं, मिंट उघडलं, टर्मिनलमध्ये एका ओळीचा आदेश दिला, रीस्टार्ट करून मिंट एकदा परत उघडलं आणि मग सिक्युअर बूट परत चालू केलं. काळ्या पडद्यावर यादी हजर. मी घड्याळ लावून बसलो होतो, सात मिनिटं. जाताना एवढंच म्हणाली, ‘बाबा, दोन सिस्टिम ठेवायच्या तर मिंटचा पेनड्राइव्ह कपाटात ठेवत जा.’ आणि ज्यांच्या विंडोजला बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, लावलेलं आहे त्यांनी बायोसमध्ये काही हलवण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की वहीत उतरवावी, नाहीतर विंडोज तीच मागत बसेल.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा, म्हणून विंडोज ११ घेत नाही, असे माझ्यासारखे कॉम्प्युटर आपल्याकडे घरोघर आहेत. आमच्याच शाळेतले दोघं लिनक्स टाकायला निघालेत. टाका, बेलाशक टाका, मी आजही मिंटच वापरतो. मिंट, उबंटू या लिनक्सच्या प्रकारांना लायसन्सचे पैसे नाहीत. पहिल्या वर्षी नाहीत, दहाव्या वर्षीही नाहीत. अडलं तर ओळखीच्या पोराला विचारा, शोधात सगळ्यात वर आलेल्या नंबरला नको.

ती २६ प्रमाणपत्रं मी रात्री दोनपर्यंत बसून हातानेच लिहिली होती. पालकांना अक्षर फार आवडलं.

आणि १२ ऑगस्ट २०२५ ला परत फोन आला. नंबर नवा, आवाज बहुतेक तोच. ‘सर, आपके लिनक्स लायसन्स का एक साल पूरा हो रहा है. पुराने कस्टमर को डिस्काउंट है, सिर्फ १,९९९.’ मी शिवी गिळली, नंबर वहीत लिहून घेतला आणि तसाच ठाण्यात गेलो. टेबलावर नवा माणूस होता. त्याने नंबर बघितला, वही माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, ‘जुन्या अर्जाची झेरॉक्स आणली का?’